वळिवड्याच्या पोलिश कुटुंबांमागचा 'सैबेरिया' कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे आजोबा कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात दूध घालायचे. तिथले पोलिश लोक 'रशियाच्या तुरुंगातून सुटून आले होते' एवढंच आमच्या घरात सांगितलं जातं. एम.ए.च्या प्रबंधासाठी मला त्यांच्या त्या आधीच्या काळावर, म्हणजे सोव्हिएत कैद आणि सक्तमजुरीवर काम करायचंय. हद्दपार केलेल्यांचा आकडा कुठे सव्वातीन लाख मिळतो, कुठे सतरा लाख. मला रशियन येत नाही आणि रशियात जाणंही शक्य नाही. हे काम होईल का?"

होईल. पण घरातल्या त्या वाक्यातला 'तुरुंग' आधी बाजूला ठेवा. तुमच्या शोधाची निम्मी दिशा त्या एका शब्दानं चुकेल.

वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहिली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी सोव्हिएत तुरुंग आतून पाहिला असेल. बहुतेकांवर खटला चालला नव्हता, कलम लागलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९३९ रोजी लाल सेना पूर्व पोलंडमध्ये शिरली आणि पुढच्या दोनेक वर्षांत चार खेपांमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत भरून उत्तरेला आणि पूर्वेला नेली गेली. यांच्यातल्या मोठ्या गटाला सरकारी भाषेत 'स्पेत्सपेरेसेलेन्त्सी' म्हणत, म्हणजे 'विशेष स्थलांतरित'. त्यांना उतरवलं ती जागा 'पोसेलोक', जंगलातली बराकींची वस्ती. तिला बहुधा काटेरी तार नसायची. तारेची गरजच नव्हती. कमांडंटच्या परवानगीशिवाय हद्द ओलांडणं हा गुन्हा होता, बाहेर मैलोन् मैल बर्फ किंवा दलदल, आणि पावाचं रेशन कामाला बांधलेलं. झाडं पाडायची, ओंडके नदीपर्यंत ओढत न्यायचे, आणि संध्याकाळी मुकादम घनमीटरमध्ये 'नॉर्म' (ठरवून दिलेल्या कामाचा वाटा) भरला की नाही ते मोजणार. ही सक्तमजुरीच होती. फक्त तिच्या कागदांवर 'कैदी' हा शब्द नाही.

त्याच कुटुंबातला बाप मात्र खरोखरचा कैदी असू शकतो. त्याला एकट्याला अटक झाली असेल, तर आरोपीला समोर न बोलावताच निकाल देणाऱ्या 'विशेष मंडळा'नं त्याला पाच किंवा आठ वर्षं देऊन वोरकुता किंवा कोलिमाच्या छावणीत धाडलं असेल. तो सैन्यातला अधिकारी असेल तर युद्धकैद्यांच्या तिसऱ्याच खात्यात गेला. एकाच घरातली माणसं अशी तीन व्यवस्थांमध्ये वाटली गेली, आणि त्या प्रत्येक व्यवस्थेची नोंदवही, आकडेवारी आणि दप्तर वेगळं. म्हणून माझा आग्रह असतो की अभ्यासाचं एकक छावणी किंवा आकडा धरू नका, कुटुंब धरा. सरकारी कागदांनी जे घर खात्यांनुसार फोडलं, ते तुम्हाला पुन्हा जुळवायचंय.

आता त्या चार खेपा, कारण तारीख हाती आली की अर्धी ओळख पटते. पहिली १० फेब्रुवारी १९४० ची. तिच्यात 'ओसाद्निक', म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर पूर्वेकडे जमिनी मिळालेले पोलिश वसाहतदार, आणि वनखात्याचे नोकर होते, सगळे मिळून सुमारे १ लाख ४० हजार. त्यांना आर्खांगेल्स्क, कोमी, उराल आणि सैबेरियाच्या जंगलांत लाकूडतोडीला नेलं. दुसरी खेप १३ एप्रिल १९४० ची, जवळपास ६० हजार, कझाकस्तानात. हे आधी पकडलेल्या लोकांचे नातेवाईक, बहुतेक बायका-मुलं. तिसरी जूनअखेरची, ७५ ते ८० हजार. जर्मन ताब्यातल्या पोलंडमधून पळून आलेले हे निर्वासित होते, त्यात बहुसंख्य ज्यू. चौथी मे-जून १९४१ ची. जर्मनीनं हल्ला केला तेव्हा तिच्यातल्या काही गाड्या अजून वाटेतच होत्या.

दुसऱ्या खेपेजवळ जरा थांबतो. ५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळानं, पॉलिटब्यूरोनं, पोलिश अधिकारी आणि इतर कैद्यांना गोळ्या घालण्याचा निर्णय घेतला. त्यांतल्या अनेकांना जिथे मारलं त्या कातीनच्या जंगलाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९५९ च्या एका गुप्त टिपणात मारलेल्यांची संख्या २१,८५७ दिली आहे. त्याच मार्चमध्ये युद्धकैद्यांच्या छावण्यांना हुकूम गेला: कैद्यांच्या कुटुंबांचे पत्ते घेऊन याद्या तयार करा. नवऱ्यांनी पत्ते सांगितले. एप्रिलमध्ये तिकडे त्यांना मारत होते आणि इकडे त्या पत्त्यांवर ट्रक उभे राहत होते. वळिवड्यातल्या एखाद्या बाईच्या कहाणीत 'वसंतात नवऱ्याची पत्रं बंद झाली, मग आम्हाला कझाकस्तानात नेलं' असं आलं, तर त्या दोन वाक्यांत केवढा संबंध आहे हे तिला स्वतःला १९४३ च्या एप्रिलपर्यंत, जर्मनांनी थडगी उकरून जाहीर करेपर्यंत, ठाऊक नसणार. मॉस्कोनं गुन्हा कबूल केला तो १९९० मध्ये.

कागद कुठे आहेत? सुरुवात कोल्हापुरातूनच करा. कोल्हापूर पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व्यवहार विभागाच्या फायली. त्यांतून छावणीची व्यवस्था, खर्च, नावं मिळतील; रशियातलं आयुष्य फारसं मिळणार नाही. मुंबईत पोलिश वकिलात होती. रशियातून सुटलेल्या मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये मेशेद-क्वेट्टामार्गे ट्रकांनी येऊन वांद्र्यात उतरली होती, मग जामनगरजवळ बालाचडीला गेली. पाचगणीत आजारी मुलांची सोय होती. ही ठिकाणं नकाशावर एकत्र मांडून ठेवा, कारण मुलं एका जागेहून दुसऱ्या जागी हलवली जात आणि याद्यांत दोनदा मोजली जाऊ शकतात.

स्थानिक मुलाखती घेताना एक खबरदारी घ्या. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर त्यातून उभं राहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत दोन्ही 'निर्वासित' एकमेकांत मिसळतात. 'कॅम्पातले लोक' म्हटल्यावर नेमके कोणते, हे प्रत्येक वेळी विचारा.

रशियातल्या काळासाठी सर्वांत श्रीमंत साठा अमेरिकेत आहे, स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये. १९४१ च्या माफीनं सुटका झाल्यावर, सुटलेल्यांतून सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यातल्या लोकांकडून आणि त्यांच्यासोबतच्या नागरिकांकडून हजारोंनी प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. मुलांकडून शाळेत निबंधही लिहून घेतले. या संग्रहाचा मोठा भाग पोलिश राज्य अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात पोलंडचं निर्वासित सरकार, म्हणजे युद्धकाळात परदेशातून चाललेलं सरकार, आणि सैन्याचं दप्तर आहे. नावावरून शोधायचं तर वॉर्सातल्या 'कार्ता' संस्थेनं सुरू केलेली 'इन्देक्स रेप्रेसियोनोवानिख' ही दडपशाहीग्रस्तांची सूची आहे. ती मुख्यतः सोव्हिएत कागदांवरूनच बनवलेली, म्हणून तुमच्यासाठी रशियन अभिलेखागाराचा तो मागचा दरवाजा. ही सूची उभी राहिली ती सोव्हिएत दडपशाहीचा शोध घेणाऱ्या मॉस्कोच्या 'मेमोरियल' संस्थेच्या सहकार्यानं. त्या संस्थेला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये विसर्जित केलं, आणि पुढच्याच वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्कारात वाटा मिळाला. जे स्कॅन, जे डेटाबेस आज दिसतात ते उतरवून ठेवा. उद्या दिसतीलच असं नाही.

युक्रेन विसरू नका. १९३९-४१ मध्ये ल्वूव, तार्नोपोल, स्तानिस्लावूव भागात पकडलेल्यांच्या तपास फायली आज युक्रेनमध्ये आहेत, आणि २०१५ च्या कायद्यानं तिथली जुनी केजीबी (सोव्हिएत गुप्त पोलीस) दप्तरं खुली झाली. इथे नवखे लोक हमखास फसतात. राजकीय गुन्ह्याचं कलम म्हणून सगळे ५८ शोधतात. ते रशियन प्रजासत्ताकाच्या संहितेतलं. युक्रेनी संहितेत तेच कलम ५४ आहे. बेलारूसची केजीबी दप्तरं मात्र बंदच.

आता वाचायचं कसं, जे मिळवण्यापेक्षा अवघड आहे.

त्या प्रश्नावल्या डोळे झाकून मानू नका आणि 'प्रचार' म्हणून फेकूनही देऊ नका. त्या १९४२-४३ मध्ये घेतल्या गेल्या तेव्हा पोलिश सरकारला पूर्व सीमेच्या वादासाठी पुरावा हवा होता. रकाने आधीच छापलेले होते: अटक कधी, छावणीचं नाव, कोणते लोक सोबत, एनकेव्हीडीची (त्या काळच्या गुप्त पोलिसांची) वागणूक, वैद्यकीय मदत, घराशी संपर्क. रकाना असेल तेवढंच माणूस लिहितो. 'तुमचा शेजारी रशियन कसा वागला' असा रकाना नाही, म्हणून पाव वाटून देणारी रशियन किंवा कझाक बाई तिथे क्वचित भेटते. तीच बाई चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत मात्र पानोपानी असते. दोन्ही खरं आहे; विचारणारा बदलला की उत्तर बदलतं.

आठवणींचीही एक घडण असते. १० फेब्रुवारीच्या खेपेतल्या जवळजवळ प्रत्येकाची कहाणी एकसारखी सुरू होते: पहाटेचा काळोख, दारावर बंदुकीच्या दस्त्याचे ठोके, आवरायला अर्धा तास, कडाक्याची थंडी. इतका सारखेपणा पाहून मला सुरुवातीला संशय आला होता की हे लोक एकमेकांचं वाचून लिहितात. मग हुकूम वाचले. एकाच रात्री, एकाच सूचनेनुसार शेकडो गावांत तीच कारवाई झाली होती. साचा कहाणीचा नव्हता, कारवाईचा होता. उलट त्या सूचनेत कुटुंबामागे ५०० किलोपर्यंत सामान नेण्याची मुभा आहे, आणि आठवणींत हातात मावेल तेवढंच. हुकूम आणि बर्फातली एकुलती घसरगाडी यांच्यातलं हे अंतर तुमच्या प्रबंधात यायला हवं. दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची घाई नको.

'सैबेरिया' हा शब्दही असाच. पोलिश माणसाच्या तोंडी 'सिबिर' म्हणजे झारच्या काळापासून शिक्षेचा देश. एका आजींनी मला तासभर सैबेरिया सांगितला. सूचीत त्यांचं पोसेलोक निघालं आर्खांगेल्स्क प्रांतात, म्हणजे उरालच्या अलीकडे, युरोपातच. त्या खोटं बोलत नव्हत्या. पण मी नकाशा सैबेरियाचा काढला असता तर त्यांचं घर मला कधीच सापडलं नसतं.

सोव्हिएत आकडेवारी वाचताना 'तुफ्ता' हा शब्द पाठ करून ठेवा. हा छावणीतला शब्द. न केलेलं काम कागदावर चढवायचं, कालचेच ओंडके आज पुन्हा मोजायचे, ती तुफ्ता. कैद्याला पाव हवा, मुकादमाला नॉर्म, प्रमुखाला बढती, त्यामुळे खोटं वरपर्यंत जायचं. मृत्यूच्या आकड्यालाही अशी गळती आहे: मरायला टेकलेल्या कैद्याला 'नाकाम' ठरवून सोडून द्यायचं, म्हणजे तो छावणीच्या वहीत मरत नाही. तरी मी या आकड्यांना निरुपयोगी म्हणणार नाही. रेशन आणि पहारेकरी यांचा हिशेब खात्याला स्वतःसाठी लागायचा, तिथे डोकी बऱ्यापैकी नेमकी मोजलेली असतात. कागद कोणाला दाखवायला लिहिलाय ते आधी पाहा.

यावरून तुमच्या आकड्याच्या प्रश्नाकडे येतो. युद्धकाळात निर्वासित सरकारकडे दप्तर नव्हतं. साक्षीदारांनी पाहिलेल्या गाड्या आणि डबे यांवरून अंदाज बांधले गेले, ते दहा लाखांपासून सतरा लाखांपर्यंत गेले. रात्री स्टेशनवर दाटीवाटीच्या डब्यात कोंबलेल्या माणसाला गाडी अखंड वाटते, तेव्हा यात लबाडी शोधू नका. १९९० नंतर एनकेव्हीडीच्या पहारा तुकड्यांचे कागद उघडले. मेमोरियलच्या अलेक्सांदर गुर्यानोव्ह यांनी गाडीगणिक हिशेब लावला: कुठून सुटली, कधी, किती माणसं, कुठे उतरवली. चारही खेपा मिळून बेरीज सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर येते. मी हा आकडा मानतो, कारण तो वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांशी ताडून पाहता येतो.

पण हा आकडा कशाचा आहे ते दर वेळी लिहा. तो फक्त या चार खेपांचा. एकेकट्यानं अटक झालेले लाखभराहून जास्त यात नाहीत. युद्धकैदी नाहीत, लाल सेनेत आणि तिच्या बांधकाम तुकड्यांत भरती केलेले नाहीत. म्हणूनच १२ ऑगस्ट १९४१ ला पोलिश नागरिकांना दिलेल्या माफीनंतर सोडलेल्यांचा सोव्हिएत अहवालातला आकडा, ३,८९,०४१, हद्दपारांच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो तेव्हा गोंधळू नका. त्यात तुरुंग, छावण्या, वसाहती सगळे आहेत. त्याच अहवालात पोलिश वंशाचे दोन लाखांच्या आसपास आणि ज्यू नव्वद हजार आहेत, बाकी युक्रेनी, बेलारूसी वगैरे. 'पोलिश नागरिक' आणि 'पोलिश माणूस' एकच समजलात तर इथेच घसराल. ज्यू निर्वासितांच्या बाबतीत तर नियतीचा फेरा विचित्र आहे: ज्या हद्दपारीत ते उपाशी मेले तिनंच उरलेल्यांना हिटलरच्या हातून वाचवलं. हे वाक्य लिहायला धीर लागतो, कारण सोव्हिएत राजवटीचं समर्थन म्हणून ते वापरणारे टपलेले असतात.

समर्थनावरून आठवलं. आपल्याकडे या विषयावर बोलायला लागलं की श्रोत्यांनी आकडा आधीच ठरवलेला असतो. डाव्यांना लहान हवा, उजव्यांना मोठा. सव्वातीन लाख म्हणालात तर एक बाजू तुम्हाला मवाळ म्हणेल, सक्तमजुरी म्हणालात तर दुसरी अमेरिकन हस्तक. दोन्ही ऐकून घ्या आणि कामाला लागा.

जिथे कुणीच नीट मोजलं नाही असा एक टप्पा सांगतो. माफी मिळाल्यावर हे लोक हजारो मैल दक्षिणेला, उझबेकिस्तानकडे धावले, आणि १९४२ च्या सुरुवातीला अँडर्सचं सैन्यही तिकडेच हललं. अंगावर चिंध्या, अंगात उवा. १९४२ मध्ये टायफस आणि हगवणीनं गुझारसारख्या ठिकाणी भयंकर मरण झालं, लहान मुलांचं सर्वांत जास्त. पण ते आता 'मुक्त' होते, म्हणून कुठल्याही कमांडंटच्या वहीत हे मृत्यू नाहीत. वळिवड्यातल्या बायकांच्या कहाण्यांत सर्वांत जास्त पोरं गेलेली असतात ती याच महिन्यांत. त्यानंतर क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचलेले १ लाख १५ हजारांच्या घरात. बाकीचे मागेच राहिले, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं वळिवड्यात कुणी नव्हतं. तुमचा नमुना बाहेर पडू शकलेल्यांचाच आहे, हे पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहा.

मृत्यूच्या तारखांविषयी एक इशारा, आणि त्यासाठी एक भारतीय उदाहरण. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय १९३७ मध्ये लेनिनग्राडला पकडले गेले. स्तालिनच्या सहीच्या एका यादीत त्यांचं नाव होतं, २ सप्टेंबर १९३७ ला त्यांना गोळी घातली. जुन्या लिखाणात मात्र त्यांच्या मृत्यूची वेगवेगळी वर्षं दिसतात. अशा घोळामागचं मोठं कारण असं: गोळी घातलेल्यांच्या नातेवाइकांना 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षं' असं सांगण्याची पद्धत होती, आणि १९५५ मध्ये केजीबीनं लेखी सूचनाच काढली की चौकशी करणाऱ्यांना त्या दहा वर्षांतली एखादी खोटी तारीख आणि आजाराचं कारण सांगावं. त्यामुळे १९५५ ते १९८० च्या दशकादरम्यान मिळालेला मृत्यूदाखला दुसऱ्या पुराव्याशिवाय वापरू नका. (१९२१ साली चट्टोपाध्यायांबरोबर मॉस्कोला गेलेल्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. ते पुढे मेक्सिकोला गेले आणि शेतीशास्त्रात रमले. ते मॉस्कोतच थांबते तर काय, हा प्रश्न मला नेहमी छळतो. पण तो इतिहासकाराचा प्रश्न नव्हे.)

भाषेचं. रशियन लिपी आठवड्याभरात येते आणि फॉर्म वाचण्यापुरते दोनशे शब्द महिन्याभरात. मोडी शिकलेल्याला तर यात काहीच अवघड नाही. एकाच आडनावाची पाच रूपं ओळखायची सवय असतेच. इथेही तसंच: 'यान'चा 'इवान' होतो, 'यूझेफ'चा 'योसिफ', आणि पोलिश 'ह'चा रशियनमध्ये 'ग', म्हणून 'हेलेना' कधी 'गेलेना' तर कधी 'येलेना'. मी एकदा आठ महिने एका बाईंचा माग भलत्याच पोसेल्कात काढत होतो. नाव तेच, आडनाव तेच, वयात दोन वर्षांचा फरक. कारकुनानं चूक केली असेल असं मी स्वतःला समजावलं. चूक माझी होती, ती दुसरीच बाई निघाली. त्यांच्या मुलीला मी पाठवलेलं पत्र मागे घेताना जी लाज वाटली ती अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून दोन स्वतंत्र जुळण्या मिळाल्याशिवाय मी कुणाच्याही घरच्यांना काही कळवत नाही.

घरच्यांना तुम्ही भेटालच. वळिवड्याची मुलं पुढे इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात पांगली. त्यांच्या संघटना आहेत आणि कोल्हापूरहून कुणी लिहिलं की ते आनंदानं उत्तर देतात. म्हणूनच जपून. तपास फायलीत कबुलीजबाब असतात, ते मारून घेतलेले असू शकतात, आणि त्यात शेजाऱ्यांची नावं असतात. आजोबांनी कुणाचं नाव घेतलं हे नातवाला प्रथम तुमच्या प्रबंधातून कळू नये.

व्याप्ती लहान ठेवा. एम.ए.साठी फेब्रुवारी १९४० ची एकच खेप, शक्य तर एकच प्रांत, दहा-बारा कुटुंबं पुरेत. प्रत्येक कुटुंबाचा एक तक्ता करा: उचललं ते गाव, पोसेलोक, बाप कुठे, सुटका, उझबेकिस्तान, इराण, कराची किंवा मुंबई, वळिवडे. प्रत्येक चौकटीत माहिती कोणत्या कागदातून आली ते लिहा आणि रिकामी चौकट रिकामीच ठेवा. त्या सूचीसाठी वॉर्साला पहिलं पत्र पाठवाल त्यात जन्मवर्ष अंदाजे असलं तरी चालेल, पण माणसाच्या वडिलांचं नाव हवंच. सोव्हिएत कारकुनानं सगळं चुकीचं लिहिलं तरी ते नाव बहुधा विचारून लिहिलेलं असतं.